डाव्या दारावरचा हात

तुम्ही गेलात तेव्हा शाहपूरच्या पाटलांच्या गाडीचं डावं दार उघडं होतं. गाडीच्या मधल्या खांबावर अर्धवट टांगलेलं, सुतळीनं शेडच्या वरच्या पाईपला बांधलेलं. पुढे पंधरा-सोळा दिवस ते तसंच राहिलं. आपल्या घरातून रस्त्यावर जायला वाट एकच, शेडमधून, गाडी आणि भिंत यांच्यामधून. दार मिटत नव्हतं, त्यामुळे ती वाटही अडलेली. तुम्हाला नेण्याच्या दिवशी माणसांनी सुतळी सोडून गाडी ढकलून रस्त्यावर काढली, आणि स्मशानातून आल्यावर परत आत आणून लावली. सुतळीही परत होती तशी बांधली. उस्तादांनी बांधलंय, राहू द्या, असं कोणीतरी म्हणालं. मग भेटायला येणाऱ्या बायका दाराची कड आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून, सुतळीखाली वाकून आत आल्या आणि तशाच बाहेर गेल्या.

आज सव्वा महिना झाला. तुमच्याशी जे बोलायचं राहिलंय ते कुणापुढे बोलता येत नाही. आपल्या लेकीपुढे, रूपालीपुढे तर नाहीच. म्हणून वहीत लिहिते आहे. माझी शाळा हिंदीत झाली, मराठी लिहिणं माहेरच्या पत्रांपुरतं. चुका दिसल्या तर तुम्ही हसला असतात आणि मग हळूच म्हणाला असतात, पण अक्षर बरंय वं तुझं.

जो येई तो एकच गोष्ट बोले. हात गेला हो. उस्तादांचा हात काय होता, पत्र्याला नुसता लावला की खड्डा सापडायचा, अख्ख्या निमाडात असा हात नव्हता. मी पदर डोळ्यांना लावून ऐकत बसे. आणि ज्या हाताबद्दल बोलणं चाललं होतं तो माझ्याच मांडीवर पडलेला असे.

तुम्हाला आठवत असेल, लग्नाआधी मी आमच्या गल्लीतल्या पावरलूमवर थान, म्हणजे कापडाचे तागे, तपासायला जात असे. टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि तळवा त्याच्यावर ठेवायचा. तुटलेली तार, राहिलेली गाठ, विरळ पडलेली जागा, डोळ्याला दिसायच्या आत तळव्याला कळायची. लग्नाच्या वेळी माझ्या आईनं तुमच्या आईला सांगितलं होतं की पोरीचा हात चांगला आहे. तुमच्या आईंना वाटलं स्वयंपाकाचा.

रूपाली दुसरीत असताना तुमची बोटं सकाळी पांढरी पडायला लागली. चहाचा ग्लास हातातून दोनदा सुटला. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, थंडी आहे. मग एकदा विस्तवावरची कढई तुम्ही उघड्या हातानं उचललीत आणि चार पावलं चालून गेल्यावर तुम्हाला कळलं, तेव्हा मला समजलं. खंडव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं हातोडी आणि ग्राइंडर धरून बोटांच्या नसा गेल्या आहेत, जोर राहील पण स्पर्श परत येणार नाही.  गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरची बोटं गेली म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पत्रा डोळ्यांनी सरळ दिसतो आणि रंग चढला की लाटा उठतात, त्या आधीच ओळखायच्या तर हाताशिवाय दुसरं काही नाही, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत.

मग एके दुपारी शेडमधून हाक मारलीत. मी पोळ्या टाकून आले. एका जुन्या जीपचं दार पोत्यावर आडवं ठेवलेलं होतं.

"मंगल, डोळे मीट आणि इथं हात फिरव," तुम्ही म्हणालात. "काय लागतंय ते सांग."

मी पदर तळव्याखाली घेतला. कापड मधे असलं की हात सरकतो आणि उंचसखल जास्त कळतं, ही लूमवरची सवय. मी म्हटलं, इथं खोल आहे, पाण्याचा थेंब मावेल एवढं. तुम्ही तिथं खालून ठोकळा धरून वरून हातोडी चालवलीत. आता? आता उंच झालं. आता? आता बरोबर, पण शेजारी बुडलं. संध्याकाळपर्यंत ते दार इतकं सपाट झालं की मला स्वतःलाच खरं वाटेना. तुम्ही हात धुताना म्हणालात, हे बाहेर कुणाला बोलू नको. मला वाटलं गंमत करताय. मी हसले होते.

त्याच वर्षी खंडव्याला डी.एड.ला माझा नंबर लागला होता. फॉर्म तुम्हीच आणून दिला होता, हे मी विसरलेले नाही. पण पुढच्या आठवड्यात एका डॉक्टरांची गाडी आली, आणि तुम्ही म्हणालात, एवढी एक गाडी होऊ दे, मग जा. ती झाली. तिच्यामागून दुसरी आली. एकोणीस वर्षं मी सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी दारं बंद करून शेडमध्ये, आणि गिऱ्हाईक आलं की परत चहा घेऊन बाहेर.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे सगळं खोटं होईल. माझ्या शब्दावर तुम्ही पत्रा कापत होतात. मी म्हटलं इथं, की तुम्ही छिन्नी तिथंच ठेवायचात, पुन्हा विचारायचा नाहीत. माहेरी, सासरी, माझ्या बोलण्यावर कुणी साधा भात चढवला नव्हता. तुम्ही लोकांच्या आजोबांच्या गाड्या कापल्यात. आणि मला सगळं शिकवलंत, हातचं न राखता. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, करवतीचं पातं तिच्यातून न अडकता फिरलं पाहिजे. अंगावरची रेघ बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत एका ओढीत गेली पाहिजे, दारापाशी तुटता कामा नये. ट्यूबलाइट बाजूला धरून तिचं प्रतिबिंब पत्र्यात बघायचं, ती वाकली की पत्रा वाकडा. हे सांगताना तुम्ही मास्तरांसारखे दिसायचात. मला व्हायचं होतं मास्तरीण, आणि मी झाले विद्यार्थिनी. पण विद्यार्थिनी चांगली होते, एवढं तुम्ही कबूल कराल.

इंदूरचं आता बोलते. जुन्या गाड्यांचा तो मेळावा. तुम्ही केलेली पांढरी गाडी मधोमध उभी होती, लोक तिच्याभोवती फिरत होते. माईकवाल्या माणसानं तुमचा उजवा हात धरून वर केला आणि म्हणाला की ही सगळी करामत या हाताची आहे. टाळ्या झाल्या. मी डब्याची पिशवी घेऊन कडुलिंबाखाली उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. नंतर खाली बघितलंत. बस, एवढंच.

परतीची बस असीरगडच्या घाटाला लागली तेव्हा मी बोलले. म्हटलं, एकदा तरी म्हणायचं होतं.

"काय म्हणायचं होतं? उस्तादाला समजत नाही, बायको सांगते, असं?"

"हो. असंच."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "उद्यापासून मग आपल्याला गाडी कोण देईल?"

रूपालीचं कॉलेज चालू होतं. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मावा जलेबी घेऊन आलात. मी ती खाल्ली, आणि तिथंच तो विषय संपला असं तुम्ही धरून चाललात. तो संपला नव्हता. नंतर चार वर्षं मी तुमच्या समोर बसून दारावर हात फिरवत होते आणि मनात त्याच बसमध्ये बसलेले होते.

तुमचंही काही सोपं नव्हतं, हे मला दिसत होतं. लग्नाकार्यात तुम्ही हात खिशात ठेवायचात. कुणी कौतुकानं हात हातात घेतला की तुमचा चेहरा उतरायचा. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचात, आणि लोकांना ती नम्रता वाटायची. त्या नावातून तुम्हालाही बाहेर पडता येत नव्हतं.

मग पाटलांची गाडी. त्यांच्या वडिलांची, केळीच्या बागेतल्या खोलीत वीस वर्षं पडून राहिलेली. हिची पुढची दारं उलटी उघडतात, आणि पुढचं नि मागचं, दोन्ही दारं मधल्या एकाच खांबावर टांगलेली. उजवी बाजू महिन्याभरात झाली. डावी काही जमेना. पुढच्या दाराची फट वर इतकी बारीक की करवतीचं पातं शिरत नव्हतं, आणि खाली अख्खं बोट जात होतं. रेघ दारापाशी येऊन तुटत होती.

तुम्ही म्हणालात, दार वाकडं आहे. मी म्हटलं, दार ठीक आहे, खांब मागे झुकलाय. तुम्ही म्हणालात, खांब झुकला असता तर मागचं दार कसं बसलं असतं? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण दारावर मी दहा वेळा हात फिरवलाय, त्याच्यात कुठं काही नाही. दोन दिवस हेच चाललं. एरवी माझा शब्द ऐकणारे तुम्ही या वेळी ऐकत नव्हतात, आणि मला इंदूरपासूनचा सगळा राग त्या दारावर काढायचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाराच्या खालच्या भागावर बोटाची पेरं वाजवलीत.

"ऐक," तुम्ही म्हणालात. पुन्हा वाजवलंत. "ऐक ना जरा."

"मला ऐकायचं नाही," मी म्हटलं.

तुम्ही दार सुतळीनं बांधलंत. आत येऊन खाटेवर बसलात, चहा मागितलात. मी चहा घेऊन आले तर तुमचा हात छातीवर होता. शेजारचे वेल्डिंगवाले रमजानभाई टेम्पो घेऊन धावत आले, पण तुम्ही वाटेतच गेलात. टेम्पोत मी तुमची बोटं चोळत होते. ती नेहमीच गार असायची, त्यामुळे मला कळलंच नाही.

तेराव्यानंतर रूपाली बसली माझ्याजवळ. म्हणाली, "आई, छोड दे ना आता. गाडी परत पाठव, शेड बंद कर आणि इंदूरला चल. दोन खोल्यांचं घर मी घेतलंय कशासाठी?" मी हो म्हटलं. खरं सांगू, हो म्हणताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तुमचे दिवस नुकतेच झाले होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याची शरम वाटली, पण वाटलं ते वाटलं.

ती गेली, आणि मी त्या गाडीशेजारी एकटी राहिले. तेव्हा कळलं की असं सहज सुटणं नाही. गाडी जाऊ दिली तर मी मोकळी, पण मग माझा हात तुमच्याबरोबर जळून गेला असंच जगाला वाटणार, आणि पुढे कधी बोलले तरी म्हातारी काहीतरी सांगते म्हणतील. बोलले, तर तुमचं नाव तुमच्याकडून काढून घ्यायचं, आणि तेही तुम्ही उत्तर द्यायला नसताना. शिवाय बोलल्यावर ही शेड माझ्या गळ्यात. मला नाव हवं होतं आणि मला इथून जायचंही होतं. एक घेतलं की दुसरं हातचं जात होतं. मी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना हेच करत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पुन्हा त्या सुतळीपाशी.

पंधराव्या दिवशी पाटील आले. बाहेर गाडी वाहून नेणारा ट्रक उभा केला होता. तुमच्या फोटोला हात जोडले, स्टुलावर बसले. साधा माणूस आहे हो. डोळे भरून आले होते त्यांचे.

"वहिनी, असा हात आता कुठून आणायचा," ते म्हणाले. "गाडी इंदूरला नेतो. तिथले लोक जमेल तसं करतील."

मी किल्ली आणायला उठले होते. किल्ली कपाटाच्या खिळ्यावर होती, ती घेतलीही. परत आले आणि तोंडून निघून गेलं.

"भाऊ, तो हात माझा होता."

मग सगळं सांगितलं. बोटांचं, खंडव्याच्या डॉक्टरांचं, पदराचं, एकोणीस वर्षांचं.  पाटील उठून उजव्या दारापाशी गेले, त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, हे पण? मी म्हटलं, हे पण. ठोकलं उस्तादांनी, सांगितलं मी. आणि रेघ कुठून कुठं जाणार हे उस्तादांनी बघितलं, ते मला दिसत नाही, असंही म्हटलं. पाटलांनी विश्वास ठेवला. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी बाहेर जाऊन ट्रक रिकामा परत पाठवला. 

परत येऊन म्हणाले, "वहिनी, गाडी इथंच राहू द्या. तुम्हीच करा. पण हे बाहेर नको. गेलेल्या माणसाचं नाव आहे. आणि मी पण चार लोकांना सांगून बसलोय, गाडी उस्तादांच्या हातची आहे म्हणून."

त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं की मला रागावताही येईना. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं थांबले ती बोलून झाली होती, ऐकणाऱ्यानं खरी मानली होती, आणि तरी तिथल्या तिथंच होती. तुम्ही बसमध्ये जे म्हणाला होतात तेच त्यांनी म्हटलं, फक्त जास्त मऊ शब्दांत. मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळीवर सुतळी कापली. पुढच्या कामाचं काही ठरवलं म्हणून नव्हे. दुधाची पिशवी त्या सुतळीत अडकून फाटली, आणि मला इतका संताप आला की मी विळीच घेऊन आले. दार सुटलं आणि खांबावर लोंबलं. ते तसं लोंबताना मला बघवेना. हा माझा दोष तुमच्याकडूनच आलाय. अर्धवट टांगलेलं दार टाकून मला दोन घास खाता येत नाहीत.

रमजानभाईंना बोलावलं. त्यांना काय सांगायचं याचा विचार करत होते, तर तेच म्हणाले, "भाभी, दीवार तो एक ही है बीच में. आवाज सब आती थी. मैं जॅक दबाऊंगा, रुकना कहाँ है वो आप बोलो." एकोणीस वर्षं त्या माणसाला सगळं माहीत होतं आणि त्यानं तोंड उघडलं नाही. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

आम्ही दोघांनी डावीकडची दोन्ही दारं उतरवली. मागच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू काढले तर तिच्यामागून पत्र्याच्या तीन घड्या खाली पडल्या. कुणीतरी फार वर्षांपूर्वी खांब झुकलेला असताना मागचं दार बसवायला आधार म्हणून घातलेल्या. म्हणजे खांब वाकडाच होता. मी बरोबर होते. मला इतका आनंद झाला की तुम्हाला सांगायला मी मागे वळले.

मागे कोणी नव्हतं. रमजानभाई मान खाली घालून पाना पुसत राहिले.

ते गेल्यावर मी पुढचं दार पोत्यावर आडवं केलं आणि पेरं वाजवली, तुम्ही वाजवली होतीत तशी. वरच्या भागावर खणखणीत आवाज आला. खाली आल्यावर बद्द. पुन्हा वाजवलं. खाली बद्दच. नखानं रंग खरवडला, तर आत शिसं. त्या जुन्या कारागिरानं वाकड्या खांबाला शोभेल अशी दाराची खालची बाजू शिसं ओतून घडवली होती, आणि इतकी गुळगुळीत केली होती की माझा तळवा फसला. दारही खोटं होतं, खांबही खोटा होता, आणि दोघं एकमेकांना सांभाळून घेत इतकी वर्षं बंद होत आले होते; आपण दार उतरवलं आणि त्यांचं बिनसलं. तुमच्या कानाला ते कळलं होतं. तुम्ही मला दोनदा ऐक म्हणालात.

तेराव्याला मी रडले नव्हते अशी त्या दारापाशी रडले.

मग सात दिवस काम केलं. चैत्राचं ऊन, दहा-अकरा वाजले की पत्रा तापून फुगतो आणि हाताला खोटं सांगतो, म्हणून पहाट फुटली की सुरू आणि ऊन चढलं की बंद. दाराच्या चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी धरून उजव्या बाजूशी ताडून पाहिली. अर्ध्या बोटाचा फरक. लाकडी फळी लावून जॅक ठेवला. खांब हवा तिथं आणून सोडला तर परत मागे येतो, म्हणून थोडा पुढे नेऊन सोडायचा, हे तुम्ही शिकवलेलं. रमजानभाई दाबत होते आणि मी खांबाला हात लावून म्हणत होते, अजून, अजून, बस. गॅसच्या ज्योतीनं त्यांनी शिसं वितळवून काढलं. खालचा पत्रा उघडा पडला, चुरगळलेला. तो ठोकायचा कुणी? रमजानभाई म्हणाले, मेरा काम नहीं.

तुमची हातोडी मी आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी हातात घेतली. दांडा तुमच्या मुठीनं झिजलेला, माझ्या बोटांना मोठा. पहिला दिवस मी पत्रा बिघडवला. दुसऱ्या दिवशी कमी बिघडवला. डाव्या हाताला कळत होतं आणि उजव्याला जमत नव्हतं, तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या हातानं बघून कसं ठोकत होतात, याचं पहिल्यांदा नवल वाटलं. मी तुमच्याकडून नाव मागत होते, आणि तुमच्या वाट्याचं काम किती अवघड होतं हे मला माहीतच नव्हतं.

त्या सात दिवसांत एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. इंदूरला तुम्ही बोलला असतात, तर मी कदाचित दुसऱ्याच दिवशी हे काम सोडलं असतं. मला तेवढंच हवं होतं, एकदा कुणापुढे तरी म्हटलं जावं. ते मिळाल्यावर मी कुठंतरी शाळेवर लागले असते, देडतलाईला, नेपानगरला, कुठंही. न बोलून तुम्ही मला धरून ठेवलंत. हे तुम्हाला कळत होतं का? की नुसती लाज होती? कोणतं उत्तर मला बरं वाटेल तेही मला सांगता येत नाही.

आणि माझ्या तोंडाला तरी कुणी कुलूप लावलं होतं? काम चुकलं तर बोल तुम्ही खायचात. गिऱ्हाईक तुमच्यावर ओरडायचं, मी आत चहा गाळत असायची. तेही मला सोयीचंच होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आठव्या दिवशी दोन्ही दारं चढवली. करवतीचं पातं वरपासून खालपर्यंत फिरवलं, कुठं अडलं नाही. रेघ, तुम्ही बघितली असतीत तर तुम्हाला काय वाटलं असतं, सांगता येत नाही. मला ती सरळ दिसली. ट्यूबलाइट धरून तीनदा बघितली.

पाटील आले. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, दोन बोटांनी ढकललं, आणि ते आवाज न करता बसलं. गाडीभोवती एक फेरी मारून ते माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "कुणी विचारलं तर काय सांगू, वहिनी?"

मी म्हटलं, "तीन दारं उस्तादांची आणि डावं पुढचं मंगलचं, असं सांगा. सांगायचं नसेल तर गाडी इथंच राहू द्या. माझी काही घाई नाही."

माझी घाई होती. पण किल्ली मी मुठीतच धरून ठेवली. पाटलांनी तुमच्या फोटोकडे बघितलं, मग दाराकडे.  बरं, असंच सांगतो, एवढं म्हणून त्यांनी किल्ली घेतली. शाहपूरला जाऊन ते खरंच तसं सांगतील की नाही, मला माहीत नाही. रमजानभाई म्हणतात सांगतील.

शेड आता रिकामी आहे. रूपाली रोज फोन करून तारीख विचारते. परवा डोईफोडियाहून एक माणूस आला, त्याच्याकडे जुनी जीप आहे, बॉडी बघून द्याल का म्हणाला. मी तिला तारीख सांगितली नाही आणि त्याला नाही म्हटलं नाही. सकाळी वाटतं जावं, ऊन चढेपर्यंत वाटतं राहावं. तुम्ही असतात तर तुमच्यावर राग धरून तरी काही ठरवता आलं असतं. आता धरायला कोणी नाही.

तुमच्या नावातून एक दार मी काढून घेतलंय. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते आहे. बाकीची तीन तुमच्याकडेच ठेवली, निम्मी माझी असली तरी. हे मला तुमच्या समोर म्हणायचं होतं, तुम्ही त्या स्टुलावर बसलेले असताना, हात खिशात घालून, आणि तुम्ही काय म्हणता ते ऐकून घ्यायचं होतं.